दोनदा वाजला दीड

ऑक्टोबरातल्या त्या रात्री घड्याळं तासभर मागे गेली
आणि क्लाक्सविकच्या खाडीत
माझ्या प्रोग्रॅमनं सामन माशांना दोनदा जेवू घातलं.
दीड वाजता एकदा.
मग पुन्हा दीड वाजला, तेव्हा पुन्हा.
सकाळी पिंजऱ्यांवर तेलकट तवंग,
आणि मालक दान्यल धक्क्यावर उभा, काही न बोलता,
जे त्याच्या ओरडण्याहून वाईट.

बेटावर मेंढ्या माणसांपेक्षा जास्त,
प्रोग्रॅम लिहिणारी मी एकटीच, असं मला वाटायचं.
म्हणून पडद्यापलीकडे विचारत फिरले, रात्र रात्र,
जिथे उजेड आणि आवाज दिसेल तिथे.
आमच्याकडे उंट नाहीत,
पण उंटावरचे शहाणे तांड्यानं भेटले.
एक म्हणाला, ही भाषाच मेलेली, आधी ती सोड.
दुसऱ्यानं त्याची अक्कल काढली,
मग दोघांची जुंपली, कंस कुठल्या ओळीवर उघडावा यावरून.
चाळीस जण गोळा झाले.
पहाटेपर्यंत माझा दीड कुणाच्या लक्षातही नव्हता.
एकानं फार गोड शब्दांत बारा पायऱ्या सांगितल्या.
सातवीवर पाय ठेवला, तर ती नव्हतीच.

दीडशहाणे उदंड.
मला हवं होतं कुणीतरी अर्धंच माहीत असलेलं,
आणि उरलेल्या अर्ध्यापाशी थांबणारं.

जाळी सांधणारा हानुस म्हणाला,
गुरुवारी माझ्या माळ्यावर ये, पाच-सहा जण बसतात.
डांबराचा वास, एकच हीटर, त्याच्याभोवती मोजे वाळत घातलेले.
कुणी विचारलं नाही मी कुठे शिकले.
ओडवर, बँकेतून निवृत्त,
भोकं पाडलेल्या कार्डांचा काळ बोटांनी ओळखणारी,
म्हणाली, "काय घडलं ते दाखव.
तुला काय वाटतं ते मागाहून."
दाखवलं.
मग इतकी शांतता, की वाटलं, संपलं.
छपराच्या गवतावर वारा, खाली कुणीतरी बादली ओढतंय.
ती शांतता भरायची कुणालाच घाई नव्हती.
"मला माहीत नाही," बार्ताल म्हणाला, हानुसचा भाचा.
खालच्या मानेनं नाही. जसं कुणी म्हणेल, बाहेर धुकं आहे.

इतक्या रात्रींत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्या गुरुवारी काही सुटलं नाही.
पुढल्या गुरुवारी त्यानं वही आणली.
घरच्या मशिनवर माझा प्रोग्रॅम चालवला होता,
अकरा वेळा घड्याळ मागे फिरवून,
आणि अकराही वेळा त्याच्या खोट्या माशांनी दोनदा खाल्लं.
"माझ्याकडेही होतंय," एवढंच म्हणाला.
मला रडू आलं. कशाला, ते विचारू नका.
माझी चूक परक्या घरी नांदून आली होती.

शेवटी बोट ठेवलं ओडवरनं:
तू वेळ भिंतीवरच्या घड्याळाला विचारतेस.
ते लोकांसाठी असतं, लोकांच्या सोयीनं मागे फिरतं.
मोजायला असं घे, जे कुणाचं ऐकत नाही.
तिच्याही एका ओळीत गफलत होती.
मी चाचरत सांगितलं.
तिनं चष्मा पुसला, ओळ खोडली,
आणि शेवटचं बिस्किट माझ्याकडे सरकवलं.

मासे आता एकदाच जेवतात. दान्यल अजूनही कमीच बोलतो.
आम्ही मात्र दर ऑक्टोबरात त्या रात्री माळ्यावर जमतो,
एक ते दोन, आणि परत एक ते दोन.
तो जास्तीचा तास कुणाच्याच हिशोबात नसतो.
यंदा सुदुरॉयहून एक मुलगी आलीय,
लॅपटॉप छातीशी धरून, दारातच उभी.
प्रश्न मूर्खासारखा आहे, म्हणते,
पटकन विचारते नि जाते.

बाहेर चर्चच्या घड्याळात दीड.
मी मोजे उचलून खुर्ची मोकळी करते.
बस, म्हणते,
अजून एक दीड वाजायचाय.