वरच्या मजल्याची फरशी

घर दाखवायला वर नेलं तेव्हा
त्यानं भिंती पाहिल्या नाहीत, खिडक्या मोजल्या नाहीत.
बूट काढले, वाकला,
अन् फरशीवर तळहात ठेवला,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.
मग मोबाइल बोलला, बाईच्या आवाजात, एकदम शुद्ध:
"जमीन गरम कुठून होते?"

किशनराव माझ्याकडं पाहू लागले.
मे महिना. शेंद्र्याचा रस्ता डांबर सोडत होता.
मी म्हणलं, सूर्याकडून होते बाबा,
गार कशी करायची ते विचार.
मोबाइलनं त्याला काय सांगितलं कोण जाणे,
तो हसला, अन् घर ठरलं.

ताए-सोक नाव. कारखान्यात मशिनी बसवायला आलेला.
मला आजुमोनी म्हणायचा.
त्यातली आजी तेवढी मला ऐकू आली,
उरलेल्या अक्षरांचं मी विचारलं नाही.

त्याच्या गावात, म्हणे, महिन्याचं भाडंच नसतं.
एकदाच गठ्ठा पैसा मालकाच्या हातात द्यायचा,
दोन वर्षांनी घर सोडताना
तेवढाच्या तेवढा परत घ्यायचा.
किशनराव त्या रात्री पंचांगाच्या मागच्या पानावर
आकडे मांडत बसले.
"अन् मालकानं खायचं काय?"
एक वाजता दिवा घालवला,
तरी अंधारात बोटं मोजत होते.

आमचं दार सकाळी उघडलं की रात्रीच लागतं.
शेजारची मुक्ताबाई वाटी घेऊन येते
ती तडक फ्रिजपर्यंत जाते.
हा मात्र उघड्या दारात उभा राहून
बेल दाबायचा.
मी समोरच, चार हातांवर, मेथी निवडत,
नजरानजर झालेली,
तरी बेल.
मग मलाही उगंच उठावं लागायचं
उघडं दार उघडायला.

पाण्याचं त्याला कळेना.
नळ फिरवला की पाणी, एवढंच ठाऊक.
पहिल्याच आठवड्यात गच्चीवरची टाकी
खडखडीत रिकामी.
मी बोलले. जरा जास्तच बोलले.
मोबाइल गप्प राहिला,
माझं बोलणं त्यातल्या बाईला झेपलं नसावं.
पण दुसऱ्या दिवशी त्याच्या कॅलेंडरवर
दर आठव्या दिवसाभोवती लाल गोल.
अन् दिवाळीपर्यंत तर असा तयार झाला
की रात्री अडीचला पाइपातली हवा सुसकारली
की माझ्याआधी हा जिन्यातून खाली,
सरळ घरात, माझ्या उशाशी:
"आजुमोनी, पानी!"
बेल न दाबता.

उंबऱ्याचं सांगायचं राहून गेलं होतं.
त्यावर पाय देऊ नकोस म्हणणारच होते एकदा,
तर ध्यानात आलं,
पहिल्या दिवसापासून हा पाय उचलूनच ओलांडतोय.
विचारलं.
म्हणाला, आई रागावते. भाग्य निघून जातं म्हणते.
कुठली कोण ती बाई,
तिच्या गावचा उंबरा लाकडाचा का दगडाचा,
तेही मला माहीत नाही.

जानेवारीत गेला.
किशनरावांनी डिपॉझिट दोनदा मोजून दिलं,
तेवढंच्या तेवढं.
दुसऱ्या दिवशी पहाटे मी वर झाडायला गेले,
चप्पल खालीच राहिलेली.
बासष्ट वर्षं अशीच अनवाणी हिंडले मी थंडीत,
कधी काही वाटलं नाही.
केरसुणी टेकवली, वाकले,
तळहात ठेवला.

माय, किती गार.

खालून किशनराव विचारत होते,
काय हरवलं का गं?