भुईकाटा, दोन कार्डं

गुलटेकडीला पहाटे साडेतीनला वीज गेली, आली.
भुईकाट्याच्या खोलीतलं यंत्र पुन्हा उठलं
आणि त्याच्या पोटातली दोन नेटवर्क कार्डं
उलट्या क्रमानं जागी झाली.

एवढंच झालं.
आधी उठेल तो ईथ-शून्य, मागून येईल तो ईथ-एक,
नियमच तसा, आम्हीच ठेवलेला.
वजनं भलत्याच तारेत गेली
आणि कांद्याच्या सतरा गाड्या
गंगाधामच्या चौकापर्यंत हॉर्न देत उभ्या.

सोमवारी बाणेरच्या तिसऱ्या मजल्यावर बसलो चौघं.
पुढच्या आवृत्तीत, कुणी काहीच सांगितलं नाही तर,
कार्डाला नाव काय?

तौफिक म्हणाला, जागेवरून.
ज्या खाचेत बसलंय ती खाच नावात येऊ दे:
ई-एन-पी-तीन-एस-शून्य.
कधीही उठो, पत्ता तोच.
पिंपळखरे म्हणाले, हे नाव आहे की चासी नंबर?
उद्या खाच बदलली तर बारसं पुन्हा?
"शनिवार पेठेत मंगळवारीही शनिवारच असतो, सर,"
तौफिक म्हणाला, आणि हसला एकटाच.

मी बोलत नव्हते.
मला तांदळाचं ताट दिसत होतं.
अंगठीच्या कडेनं त्यात नवं नाव कोरलेलं,
आणि सगळे टाळ्या वाजवायला टपलेले.
नको म्हणता येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.
नको म्हणायची सोय होती म्हणे.
सोय असते. सापडत नाही.

जो निवडतो, त्याला डिफॉल्टशी काय घेणं?
ते असतं काट्यावरच्या साळुंकेंसाठी,
ज्यांच्या वहीत पहिल्या पानावर, वर प्लास्टिक चिकटवून,
तेरा वर्षांपूर्वीच्या निळ्या शाईत लिहिलंय:
ईथ-शून्य म्हणजे काटा. हात लावू नये.

शेवटी मी टिपण लिहिलं:
नवं यंत्र, जागेवरून नाव.
जुन्या यंत्रावर नवी आवृत्ती चढली
तरी त्याचं नाव काढून घ्यायचं नाही.
तिथं कार्डावर कोरलेला क्रमांक बघायचा,
आधी कोण उठलं ते नाही.
पिंपळखऱ्यांनी सही केली, वर लिहिलं: नाइलाजानं.

श्रावणात काट्यावर नवं यंत्र आलं.
साळुंकेंचा फोन, मागे हमालांचा गलका.
"मॅडम, हे काय नाव ठेवलंय? वाचून दाखवतो, ऐका.
ई, ईडलिंबूचा.
एन, नारळाचा.
पी, पेरूचा. तीन.
एस, सीताफळाचा.
आणि शेवटी भोपळा."
बरोबर, म्हटलं. वहीत लिहा.
"लिहिलंय. खालच्या ओळीत. वरची खोडली नाही."

मग पलीकडे एक गाडी काट्यावर चढल्याचा आवाज,
लोखंड दबल्याचा,
आणि साळुंके, माझ्याशी नाही, ड्रायव्हरशी:
अकरा टन, चारशे वीस. घे पुढे.