केळ्याचा वास

मुरारच्या रस्त्यावर आमची टेस्टची खोली.
खोलीत तंबू, तंबूत स्टूल,
स्टुलावर मुखवटा चढवलेला जवान.
वर टांगलेल्या फडक्यावर मी टाकते चार थेंब
आणि विचारते, एकोणीस वर्षं हेच विचारते आहे:
केळ्याचा वास येतोय का?

येत असेल तर मुखवटा गळतोय.
एवढंच शास्त्र. बाकी सगळं फाईल.

मान डावीकडे. उजवीकडे. वर बघा.
आता मोठ्यानं काहीतरी बोला.
कुणी पाढे म्हणतं, कुणी गावाचा पिनकोड.
एकानं आईचा मोबाईल नंबर म्हटला,
दहाही आकडे, दोनदा.

नाही मॅडम, वास नाही.
सगळे नाहीच म्हणतात.
काचेआड नाक दिसत नाही, पण भुवया दिसतात,
आणि भुवई माणसाआधी कबूल होते.
कुणाला दाढी काढायची नसते, कुणाची झेलम चुकत असते,
कुणाला वाटतं वास आला म्हणजे आपण नापास.
अरे, नापास मुखवट्याला व्हायचंय,
सांगून सांगून जीभ झिजली.

वर्षातून एकदा दिल्लीचे साहेब येतात.
पडद्यावर नकाशा, नकाशावर लाल बाण.
करारावर सह्या सगळ्यांच्याच आहेत, ते सांगतात,
तरी कुठे विमानतळावर एकाच्या तोंडाला हात पुसला गेला,
कुठे दाराच्या मुठीला काही चोपडलं.
आणि आता शेतात औषध फवारणारा तो ड्रोन:
टाकीत काय आहे ते खालून दिसत नाही.
मी मागच्या रांगेतून विचारलं,
मुखवट्याची झडप, पापडाच्या लाटीएवढी,
ती आपण अजून त्याच बंदरातून मागवतो ना,
जिथून तुमचा बाण निघालाय?
साहेब म्हणाले, चांगला मुद्दा आहे.
मग चहा आला.

मार्चमध्ये टेकनपूरहून तुकडी आली,
तिच्यात लालरिनपुई, मिझोरमची.
निमुळती हनुवटी. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला
तरी गालापाशी बोटभर फट.
दुसऱ्याच थेंबाला म्हणाली, येतोय.
मी म्हटलं, नक्की?
म्हणाली, घरामागे केळीच आहेत आमच्या.
हा वास मला चुकायचा नाही.

देशाकडे चेहऱ्याची मापं तीन.
त्यातलं लहान सहा वर्षं खरेदीत नाही.
मी टिपण लिहिलं. उत्तर आलं:
संख्या नगण्य. पुढील खरेदीच्या वेळी विचार व्हावा.

राहते मी लष्करात. म्हणजे लष्कर नावाच्या गावात.
कधीकाळी एका फौजेनं इथे तळ टाकला
आणि उठायचं राहून गेलं.
राहुट्यांच्या जागी साड्यांची दुकानं,
छावणीत गजक, कंपूत कोचिंग क्लास.
नावं तेवढी अजून सावधान उभी.

सरावाच्या रात्री भोंगा वाजला, दिवे गेले.
बाड्यावर एकच पाटी जळत राहिली,
मालकाला म्हणे बटण सापडेना.
महाराजपुऱ्याकडून काहीतरी गडगडत गेलं.
लोक गच्च्यांवर, पोरं खांद्यांवर,
सगळे वर बघत होते.
मी ओढणीचं टोक सोडून
वारा कुठून येतोय ते बघितलं.

तेवढ्यात तो वास. दाट, गोड, अगदी जवळ.
श्वास आपोआप थांबला.
अंधारात चार पावलं चालले, सहा,
मनातल्या मनात घरातले चेहरे मोजत:
सासूबाईंचे बसलेले गाल,
मन्याची कालपरवाची दाढी, त्याच्या मुलीचं तर
कुठलंच माप नाही.

मग रमजानी म्हणाला, बहनजी, बऱ्हाणपूर का माल है,
आज पूरा निकाल देना है.
हातगाडीवर उन्हानं काळी पडलेली फणी.
मी श्वास सोडला.
दिवे आले तेव्हा अर्धा डझन घेतली.
सुट्टे नव्हते त्याच्याकडे,
एक केळं जास्त दिलं.