कशासाठी ठेवलंय?

सोहारच्या या ऑफिसात माझ्या टेबलावर
निळ्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर आहे.
संगणकातही तेच आहे, पण याकूबसाहेबांना
कागदावर बोट ठेवल्याशिवाय काही पटत नाही.
चार रकाने:
काय ठेवलंय. कुणाचं. कशासाठी. कधीपर्यंत.

पहिले दोन आठवडाभरात भरले.
पासपोर्टच्या झेरॉक्स, अंगठे, छातीचे एक्स-रे,
बायकोचं नाव, गावाकडचा फोन.
दोन हजार एकशे सहा माणसं
लोखंडी कपाटांत, एका सर्व्हरमध्ये,
अठरा डिग्रीच्या गारव्यात निवांत.
कॅम्पात त्यांच्याच खोल्यांचे एसी
जूनपासून बंद आहेत.

तिसऱ्या रकान्याशी सगळे अडखळले.
पगारखात्याचा म्हणाला, "पहिल्यापासून आहे."
कॅम्पबॉस शौकत म्हणाला, "असू दे, लागतं कधीतरी."
फिलोमिनाने नुसती चावी पुढे केली.
दापोलीला माझी आई श्रीखंडाचे डबे जमवते,
तीही म्हणते, लागतं कधीतरी.
पण डब्यांना कधी कावीळ झालेली नसते,
कुणाला कळली तर
त्यांचं ताट वेगळं मांडलं जात नाही.

नर्सय्याच्या रक्ताचा रिपोर्ट
फोरमनने व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला. रविवारी, सकाळी सातला.
"फक्त बघायचाय."
कशासाठी?
"पोरं विचारतायत, याच्या शेजारी जेवायचं का."
मी फोन पालथा ठेवला.
अकरा वाजता आतून बोलावणं आलं.

पोटात गोळा. तरी रजिस्टर घेऊनच गेले.
याकूबसाहेबांनी पान उलटलं, बोट सरकवलं:
रक्ताचे रिपोर्ट. पाहणार कोण? फक्त डॉक्टर.
खाली त्यांचीच सही, मार्चमधली.
बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले,
दुसऱ्याच कुणाची असावी तसे.
मग फोन उचलून फोरमनशी अरबीत बोलले.
मला एकच शब्द कळला, सिर्र.
गुपित.
"परकारबाई," ठेवता ठेवता म्हणाले,
"माझाही रिपोर्ट आहे का यात?"
आहे, म्हटलं. तोही फक्त डॉक्टर.
करक चहा आला. मला पहिल्यांदाच विचारलं, साखर किती.

संध्याकाळी खगेंद्र झाडायला आला.
रोज येताजाता मशीनवर अंगठा दाबतो,
फिनेलने सोललेला, दोनदा तीनदा दाबावा लागतो.
"मॅडम, माझा अंगठा रात्री कुठे असतो?"
मी त्याला ओळ दाखवली, चारशे बारा.
कशासाठी? हजेरीसाठी.
कधीपर्यंत? तू इथे आहेस तोवर,
आणि वर एक वर्ष.

तो झाडूवर हनुवटी टेकून उभा राहिला.
"मी गेल्यावर
ते वरचं वर्ष कुणाचं?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं, धोरणातलं, पान नऊ.
ते मी वाचून दाखवलं नाही.
चारशे बाराचा चौथा रकाना खोडला.
सध्या तिथे पेन्सिल आहे.