झाकणासकट

सोहारच्या भाजीबाजारात
मिरच्या मी बुडाकडून बघून घेतल्या.
चार उंचवट्यांची ढोबळी मिरची
पातेल्यात उभी राहते, कलंडत नाही.
मुख्तार म्हणाला, ट्रेलरही असाच बघून लावायचा.

मुख्तार सरखोत, मुक्काम बाणकोट,
बंदरावर सव्वीस वर्षं.
परवा कंपनीच्या दवाखान्यातून कागद आला
तो माझ्या उशीखाली ठेवून अंघोळीला गेला.
तीन महिन्यांची साखर: नऊ पूर्णांक चार.
बाहेर येऊन म्हणाला, वाचलास ना? आता गप्प बस.
घरी कळलं तर म्हणतील परत या,
आणि वरच्या मजल्याचा स्लॅब अजून पडायचाय.

आमच्या किचनमध्ये सहा माणसं, दोन शेगड्या.
आमची पाळी साडेआठ ते सव्वानऊ.
तेवढ्यात मी झाकणं गोल कापली, देठासकट,
बिया झटकल्या, पांढऱ्या शिरा बोटानं खरवडल्या.
बटाटा नाही.
बेसन चमचाभर, तेही वासापुरतं.
तांदळाच्या जागी किसलेला फ्लॉवर,
लांबून भातासारखा दिसतो,
लांबूनच.
खिमा कोरडा होईस्तो परतला,
दाण्याचं कूट, इथलं काळं सुकं लिंबू ठेचून,
आणि बाणकोटच्या पार्सलातला मसाला,
ज्याची पुडी सोडताच
शेजारच्या शेगडीवरचा सॅम्युअल
आपला सांबार ढवळायचा थांबला.

मुख्तार दारात उभा, टॉवेल खांद्यावर.
"ह्यात भात कुठाय?"
"हाच."
"हा?"
एक कण जिभेवर ठेवून तो बराच वेळ
खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाक्यांकडे बघत राहिला.

मग फोन वाजला. महजबीन.
तिकडे साडेदहा होऊन गेलेले.
"काय शिजतंय?"
"बिर्याणी," न अडखळता म्हणाला,
आणि फोन धरला होता मी,
आणि माझा हात, देवाशपथ, चुकून,
शेगडीकडे वळला.

लाल, पिवळी, हिरवी,
तिन्ही आपापल्या टोप्या घालून
वाफेत उभ्या.

तिकडून आवाज नाही.
मला वाटलं रेंज गेली.
मग ती म्हणाली,
"मसाल्याखालची दुसरी पुडी उघडलीत का?"

कोण उघडतो? मसाला मिळाला की आम्ही खोका विसरतो.
पलंगाखालून ओढून काढला.
तळाशी, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली
जांभळाच्या बियांची पूड,
वर बॉलपेननं: उपाशीपोटी, अर्धा चमचा.
पार्सल ईदच्या आधीचं.
कागद परवाचा.

"तुला कुणी सांगितलं?"
"कुणी कशाला सांगायला हवं?
दहा मिनिटं बोलता,
त्यात चार ग्लास पाणी पिता.
मोजते मी."

मुख्तारनं हातातला ग्लास
हळूच ओट्यावर ठेवला, फोनला दिसणार नाही असा.
"स्लॅबचं..." तो सुरू झाला.
"स्लॅब पडेल पडायचा तेव्हा.
झाकण ठेवा, वाफ जातेय."

आम्ही उभ्यानंच जेवलो, पातेल्यातून.
किंचित कडू, आंबट,
मीठ मी विसरलो होतो, त्यानं दाखवलं नाही.
पिवळी त्यानं देठ पकडून उचलली
आणि टोपीही चावून खाल्ली.
"अरे, झाकण नाही खायचं," मी म्हणालो.
"आता ठेवून काय करू?"

सव्वानऊ.
सॅम्युअल दारावर टकटक करत होता,
आमची दुसरी शेगडी मोकळी झाली का, एवढंच विचारायला.