नोंद : केली, टी.

इथे गावाचं नाव स्लेथवेट असं लिहितात
आणि स्लॉविट म्हणतात.
हे अंगवळणी पडायला मला अख्खा हिवाळा लागला.
बसवाले हसायचे, पण उतरवायचे बरोबर जागी.
तेव्हा केळुसकर शोधताना
मला आधीच शहाणपण यायला हवं होतं.

घरात एवढंच माहीत होतं :
आईचे त्र्यंबककाका लोकर रंगवायचं शिकायला हडर्सफील्डला गेले,
लढाई लागली, अडकले,
आणि लढले.
'लढले' हा शब्द आईचा.
पुराव्याला एक फोटो : टोपी कपाळावर उतरलेली,
कोट दोन मापं मोठा, हातात बंदूक.
मागे तारीख नाही, निळ्या रंगाचा अंगठा आहे.

पायदळाच्या याद्या पाहिल्या. नव्हते.
हवाई दल. नव्हते.
जखमी, बेपत्ता, मृत. नव्हते,
आणि इथे मात्र नसण्याचं बरं वाटलं.
मग दफ्तरखान्यातल्या मिसेस ओल्ड्रॉइड,
ज्यांचा चष्मा बुटाच्या नाडीला बांधलेला असतो,
म्हणाल्या, होमगार्ड पाहिलंत?
गावातलीच माणसं. दिवसा गिरणी, रात्री पहारा.
आणि आमचे कारकून कानानं लिहायचे, बाई.

तर : केली, टी.
वय चोवीस. जन्म केलूस, बॉम्बे.
आधीचा लष्करी अनुभव, नाही.
जवळचे नातेवाईक :
इथे त्यांच्या आईचं नाव हवं होतं.
आहे मिसेस एडिथ हेग, घरमालकीण, गल्लीतलं चौथं दार.
केळूसला तार पोचायला किती दिवस, हा हिशेब असेल.
नसेलही.
सही तेवढी देवनागरीत,
शिरोरेघ अशी ठासून ओढलेली
की पाठच्या पानावर वळ उठलाय.

पहाऱ्याच्या वहीत शत्रू नाही.
ऑक्टोबर चाळीस : मार्सडनच्या वरचं धरण, रात्री दहा ते पहाटे चार.
माणसं पाच, बंदुका दोन.
केलीकडे काठी.
नोव्हेंबर : तेच. धुकं.
केलीनं एका मेंढीला दोनदा हटकलं, नियमाप्रमाणे,
आणि उत्तर न आल्यानं वर कळवलं.
जानेवारी : केली पहाऱ्यावर झोपलेला आढळला. ताकीद.
पुढच्या आठवड्यात केली हजर.
मग चव्वेचाळीसच्या डिसेंबरपर्यंत
हजर, हजर, हजर,
मधे एकदा फक्त 'हजर, खोकला'.

फोटोतली बंदूक बहुधा फोटोपुरती.

आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं.
ती इतका वेळ गप्प राहिली
की मला वाटलं, मी तिचा काका काढून घेतला.
मग म्हणाली, धरण म्हणजे पाणीच ना गं?
परत आल्यावर ते रात्री उठायचे, दोनच्या सुमाराला.
काठी, कंदील. विहिरीला एक फेरा.
मग पायरीवर बसून राहायचे पार झुंजुमुंजू होईतो.
विचारलंच कुणी, तर
'पाण्यार जावन येतंय.'
बाहेरचं काही लागलंय म्हणून
आम्ही सात वर्षं त्यांच्यावरून नारळ उतरवले.
तेही उभे राहायचे निमूट, पाय जुळवून.

रविवारी धरणावर गेले.
वारा असा की डोळ्यांतून आपोआप पाणी.
पोहू नये अशी पाटी, एक मोडकी छत्री,
भिंतीच्या टोकाला एक मेंढी, तिनं मला नीट पाहून घेतलं.
मी हाक मारायला तोंड उघडलं
आणि कोणत्या नावानं ते ठरेना.

मिसेस ओल्ड्रॉइड विचारत होत्या, यादीत नाव दुरुस्त करू का?
म्हटलं, केली राहू दे. खाली दुसरं लिहा.
त्यांनी पेन्सिल माझ्याच हातात दिली.

घरी आले तेव्हा अंधारलं होतं. चहाला आधण ठेवायचं म्हणून
नळ सोडला.
तीन वर्षं झाली, हेच पाणी पितेय मी.