तांदळाच्या डब्यातला फोन

लॅबमधला पोरगा म्हणाला होता,
काकू, रिपोर्ट सहापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर येईल,
नाही आला तर रात्री नक्की.
सहा वाजून गेले. नाही आला.

सव्वासहाला काचेच्या पेल्यात अर्धं पाणी घातलं,
वर खोबरेल, वर वात.
तेल पाण्यावर कसं बसतं, चाळीस वर्षं दर शुक्रवारी बघते आहे.
ढवळलं तर मिसळल्यासारखं दिसतं,
सोडून दिलं की आपलं आपण वर येतं.

वात पेटवण्याआधी फोन बंद केला,
तांदळाच्या डब्यात खुपसला
आणि वाटीभर तांदूळ वरून ओतले.
"पुरतेस की काय त्याला?" नथानेल म्हणाला.
गळ्यावरची पट्टी ओढली गेली,
हसणं अर्ध्यातच राहिलं.

आम्ही काही फार सोवळ्यातले नाही.
शब्बाथला रिक्षानं फिरलोय, टीव्हीवर क्रिकेट बघितलंय,
देवाला सगळं ठाऊक आहे,
त्याच्याशी काय खोटं बोलायचं.
पण या आठवड्यात माझ्या हातांना
करण्यासारखं काही उरलंच नव्हतं
आणि हात थांबत नव्हते.
घासलेली भांडी पुन्हा घासायची,
मग अंगठ्यानं फोनचा पडदा वर सरकवत
कुठल्या तरी देशातल्या
कुणाच्या तरी गाठीबद्दल वाचत बसायचं.

नथानेलचे आजोबा पेणच्या बाजूला तेल गाळायचे.
शुक्रवारी दिवस कलला की घाण्याचा बैल सोडायचे.
लोक म्हणायचे, शनवारतेली.
नव्या बैलाला म्हणे ते समजायचंच नाही.
जू काढलं तरी तो अंगणात
गोल गोल फिरत राहायचा,
मानेवर काही नसताना मान खाली घालून.
मारायचं नाही, ओढायचं नाही, आजोबा सांगत,
चार-पाच शनिवार जाऊ द्यायचे.
एक दिवस तो उभा राहतो.

देवा, मी पहिल्या शनिवारचा बैल.

रात्री तीनदा उठले. डब्यापर्यंत गेले.
एकदा झाकण उघडलं,
तांदळाचा वास आला, झाकण लावलं.
एलियाहू नबीला मलिदा करीन,
पाच फळं ठेवीन, फक्त तू एवढं कर,
असं ओठांवर येत होतं, ते गिळलं.
घासाघीस म्हणजेसुद्धा फिरणंच की.
मग शेमा म्हटलं, जेवढं आठवलं तेवढं,
आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

शनिवारी दुपारी, नेमकं केव्हा ते सांगता येणार नाही,
घड्याळाकडे बघितलंच नव्हतं,
तो पंख्याखाली झोपला होता, तोंड किंचित उघडं,
दिवा कधीचा विझला होता,
पेल्यात नुसतं पाणी, कडेला तेलाचं एक कडं.
चराईच्या रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं.
आणि माझे हात मांडीवर होते.
मी ठेवले नव्हते.
होते.

त्या कागदावर जे लिहायचं ते लिहून झालं होतं.
मी वाचल्यानं बदलणार नव्हतं, न वाचल्यानंही.
आमच्या आधी ते एकानं वाचलेलं होतं
आणि तो याच खोलीत होता, आमच्याबरोबर,
कुठेही जायच्या घाईत नसलेला.

भीती गेली नाही. ती पण बसली.

संध्याकाळी मफलर गुंडाळून तो म्हणाला,
चल, तलावपाळीपर्यंत जाऊ.
मासुंद्याच्या कठड्याशी टेकलो.
कौपिनेश्वराकडून घंटा ऐकू येत होती.
चणेवाला दोनदा येऊन गेला,
पैसे घेतलेच नव्हते बरोबर.
तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ सरतो,
पण ठाण्याच्या आभाळात तीन चांदण्या
म्हणजे चेष्टा नाही.
एक सापडली मोठ्या टॉवरच्या डोक्यावर.
दुसरी त्यानं दाखवली.
तिसरी हलली. विमान होतं.

"सापडेल," तो म्हणाला, आवाज खरखरीत, "पळते कुठे?"

खूप वेळानं ती दिसली, अगदी बारीक,
झाडाच्या शेंड्याला लागून.
दोघांनाही दिसली.
आम्ही लगेच उठलो नाही.